मानेवरची मऊ गाठ

नातवंडाला न्हाऊ घालताना मानेच्या एका बाजूला आलेली फुगीर गाठ पुष्कळदा आजीच्याच हाताला प्रथम लागते. ती दुखत नाही. बोटाखाली पाण्याच्या फुग्यासारखी मऊ लागते. मग घरात तर्क सुरू होतात : अवधाण असेल, गंडमाळ असेल. बिब्बा किंवा डाग सुचवणारेही कोणी भेटते. तेवढे मात्र कटाक्षाने टाळावे.

अशा गाठीचे एक कारण म्हणजे लसिकावाहिन्यांची जन्मजात विकृती. रक्ताप्रमाणेच लसिका नावाचा पातळ द्रव शरीरात स्वतंत्र वाहिन्यांतून वाहतो. गर्भावस्थेत या वाहिन्यांची जडणघडण नीट झाली नाही, तर द्रव साचून पिशव्या तयार होतात. जुन्या कागदपत्रांत यालाच ‘सिस्टिक हायग्रोमा’ म्हटलेले आढळेल. हा कर्करोग नव्हे. गरोदरपणी ग्रहण पाहिल्यानेही तो होत नाही, तेव्हा सुनेला बोल लावू नये. बहुतेक गाठी पहिल्या दोन वर्षांतच लक्षात येतात.

डॉक्टर अंधाऱ्या खोलीत गाठीला विजेरी लावून पाहतात. आत स्वच्छ द्रव असेल तर ती आकाशकंदिलासारखी उजळते. आत रक्तस्राव झाला असेल, वा पिशव्या फार बारीक असतील, तर उजळत नाही. म्हणून सोनोग्राफी हवीच. गाठ जिभेखाली, श्वासनलिकेभोवती किंवा छातीत किती पसरली आहे, हे एमआरआयमध्ये कळते. काही गाठींत सुईने औषध सोडतात, काहींवर शस्त्रक्रिया करतात, काहींवर नुसते लक्ष ठेवणे पुरते. सर्दी-पडशात गाठ एकाएकी वाढू शकते. श्वासाला घरघर लागली किंवा दूध गिळेनासे झाले, तर सकाळची वाट न पाहता 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

तशीच गाठ आजोबांच्या मानेत दिसली, तर विचार निराळा करावा लागतो. प्रौढपणी लसिकाविकृती प्रथमच प्रकट होणे विरळा. चाळिशीनंतर मानेच्या बाजूला नव्याने आलेली पाण्याची गाठ कर्करोगाची नाही, हे आधी सिद्ध करावे लागते. टॉन्सिल, जिभेचे मूळ किंवा थायरॉइड येथील कर्करोग मानेतील लसिकाग्रंथीत उतरला, की ती ग्रंथी आतून द्रवाने भरू शकते. अहवालात ‘सिस्ट’ हा शब्द वाचून निर्धास्त होणारी कुटुंबे नेमकी येथे फसतात. सुईने काढलेल्या पाण्यात पेशीच नसतील, तर सोनोग्राफीत पाहून गाठीच्या भिंतीतून पुन्हा नमुना घ्यावा लागतो. सुई टोचल्याने कर्करोग पसरतो, ही भीती निराधार आहे. निदानाआधीच चिरा देऊन गाठ काढण्याची घाई मात्र नको. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून घसा तपासावा.

क्षयाचाही विसर पडू नये. मिरजेजवळच्या वानलेसवाडीत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होते, त्यामुळे सांगलीकडच्या जुन्या मंडळींना हा रोग खोकल्याचा म्हणून ठाऊक आहे. मानेच्या क्षयात खोकला नसूही शकतो आणि थुंकीचा अहवालही निर्दोष येतो. गाठीतील नमुनाच तपासावा लागतो. सरकारी रुग्णालयांत क्षयाचे औषध विनामूल्य मिळते.

बालकांसाठी अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला गाठ दाखवावी. मोठ्यांसाठी साताऱ्याचे जिल्हा रुग्णालय किंवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठावे. सोबत जुने अहवाल न्यावेत. आणखी एक : ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला आजी सहज ‘नाही’ म्हणते. रोज दोन वेळा मिश्री लावते, हे सांगायचे राहून जाते. ते सोबतच्या माणसाने सांगावे.