गिटारची ढालपट्टी : काढावी कशी, बसवावी कोठे



गिटार हे वाद्य आता आपल्या घरांत परके राहिलेले नाही. गोव्यात मांडोच्या साथीला घुमट आणि व्हायोलिन यांच्या शेजारी ते फार पूर्वीपासून बसत आले आहे. शिलाँगकडे तर त्याचा छंद घरोघर आढळतो. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी कुटुंबांतही दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, जेथे एके काळी पेटी किंवा सतार असावयाची, तेथे आज एखादी गिटार टेकून ठेवलेली दिसते. वाद्य घरात आले की त्याची निगा ओघानेच आली. त्या निगेपैकी एका लहानशा, परंतु चुकल्यास महाग पडणाऱ्या कामाविषयी आज लिहावयाचे योजिले आहे.

गिटारच्या तोंडावरील गोल छिद्राच्या खालच्या अंगास एक पातळ, बहुधा काळी किंवा कासवाच्या पाठीसारखी चितकबरी पट्टी चिकटवलेली असते. तिला पिकगार्ड म्हणतात. आपण सोयीसाठी ढालपट्टी म्हणू. पोलादी तारांची गिटार नखीने छेडताना नखीचे टोक तारेवरून घसरून लाकडावर आपटते. सतारीप्रमाणे येथेही नादाचा सारा भार तबलीवर असतो, आणि गिटारची तबली स्प्रूससारख्या मऊ लाकडाची, जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची असते. रोजचा तो आघात तिने सोसावा कसा? म्हणून ही ढाल.

ती नसल्यास काय होते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकन गायक विली नेल्सन यांच्या गिटारचे आहे. १९६९ साली घेतलेले हे वाद्य मूळचे नायलॉनच्या तारांचे, बोटांनी वाजवण्याच्या जातीचे. त्यामुळे त्यावर ढालपट्टी नव्हती. नेल्सन मात्र ते नखीने वाजवीत राहिले, आणि वर्षानुवर्षांच्या घर्षणाने तबलीला छिद्राशेजारी आरपार दुसरे भोक पडले. उलटपक्षी, जो वादक केवळ बोटांच्या अग्रांनी वाजवतो त्याला या पट्टीची फारशी गरज नसते. स्पेनमधील फ्लामेंको वादक वाजवता वाजवता तबलीवर बोटांनी ठोके देतात. त्यांच्या वाद्यावर याच हेतूने पारदर्शक पट्टी लावलेली असते. तात्पर्य, पट्टी हवी की नको आणि हवी तर कोठे, हे वाजवणाऱ्याचा हात ठरवतो.

आता ती काढण्याचा प्रसंग केव्हा येतो ते पाहू. पट्टीच्या कडा उन्हाळ्याच्या तापाने किंवा पावसाळ्याच्या दमटपणाने सुटून वर वळल्या असतील तर. पट्टी आक्रसून तबलीला ओढू लागली असेल तर. किंवा वादकाचा हात बदलला असेल तर. कडा वर वळलेल्या दिसताच झटपट चिकटणारा गोंद खाली सोडण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा. आक्रसलेली पट्टी पुन्हा घट्ट डकवली की तिची ओढ सुटण्यास वाटच उरत नाही, आणि अखेर लाकूड रेषेत चिरते. शिवाय तो गोंद पुढे सहजी सुटतही नाही.

कामाला हात घालण्यापूर्वी आपल्या गिटारवरील पट्टी कोणत्या प्रकारची आहे हे ओळखणे अत्यावश्यक आहे. वाद्य खिडकीजवळ तिरप्या उजेडात धरावे आणि पट्टीच्या कडेवरून बोट फिरवावे. कडेची पायरी स्वच्छ लागत असेल आणि तबलीचे पॉलिश पट्टीच्या खाली अखंड गेलेले दिसत असेल, तर ती पॉलिशवर चिकटवलेली पट्टी होय. अलीकडच्या बहुतेक कारखानी गिटारींवर अशीच पट्टी असते, आणि ती घरी काढता येते. काही वाद्यांवर पट्टी स्क्रूंनी बसवलेली असते. स्क्रू काढणे सोपे, परंतु मागे उरणारी भोके बुजवणे कारागिराचे काम आहे.

तिसरा प्रकार जुन्या वाद्यांचा. अमेरिकेतील मार्टिन ही १८३३ साली स्थापन झालेली पेढी. तिच्या गिटारींवर १९३० च्या सुमारास ढालपट्टी रूढ झाली, आणि पुढे १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती उघड्या लाकडावर चिकटवून नंतर सर्वत्र पॉलिश दिले जाई. अशी पट्टी निघाली की खाली कोरे लाकूड उघडे पडते आणि कधी कधी पट्टीबरोबर लाकडाचे तंतूही उपटून येतात. जुन्या पट्ट्या बहुधा सेल्युलॉइडच्या असत. जॉन वेस्ली हायट यांनी १८७० च्या सुमारास प्रचारात आणलेल्या या पदार्थाचे दोन मुख्य घटक म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि आपल्या देवघरातील कापूर. पट्टी बोटाने जोराने घासल्यावर कापराचा वास आला, तर ती सेल्युलॉइडची समजावी. हा पदार्थ कालांतराने आक्रसतो, ठिसूळ होतो आणि भडकन पेट घेतो. तेथे उष्णतेचा प्रयोग मुळीच करू नये; वाद्य सरळ जाणत्या कारागिराकडे न्यावे. चीर पडलीच असेल तर तो ती सांधून आतून लाकडाच्या लहान चकत्यांचा आधार देतो.

जाता जाता एक गोष्ट. पट्टीवरची ती कासवी नक्षी पाहून ती खरोखर कासवाची असावी, अशी काहींची समजूत असते. हॉक्सबिल जातीच्या समुद्री कासवाच्या कवचापासून पूर्वी कंगवे, डब्या आणि वाजवण्याच्या नख्या बनत, हे खरे. परंतु गिटारच्या पट्टीवर दिसते ती सामान्यतः त्याची प्लास्टिकमधील नक्कल असते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने या कासवाला संरक्षण दिले आहे, आणि १९७३ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय कराराने त्याच्या व्यापारावर बंधने आली.

पॉलिशवर चिकटवलेली पट्टी काढण्याची रीत आता सांगतो. प्रथम तारा सैल करून उतरवाव्यात. जाड घोंगडीवर वाद्य उताणे ठेवून मानेखाली घडी केलेला टॉवेल द्यावा. गोल छिद्रात मऊ कापड कोंबावे, म्हणजे आत काही पडणार नाही. मग केस वाळवण्याचे यंत्र मंद आचेवर ठेवून वीतभर अंतरावरून पट्टीवर सतत फिरवीत राहावे. पट्टीवर तळहात टेकवून ठेवता येईल इतकीच ती गरम व्हावी. तारा ज्यावर अडकवतात तो ब्रिज, म्हणजे सतारीच्या भाषेत घोडी म्हणावी तो भाग, जवळच गोंदाने जोडलेला असतो. त्याच्यावर गरम हवा जाऊ देऊ नये. इस्त्री किंवा मेणबत्ती यांचे नावही काढू नये.

पट्टी कोमट झाली की बाहेरच्या कोपऱ्याखाली नख किंवा प्लास्टिकचे पातळ कार्ड सरकवावे. सुरी, ब्लेड, पेचकस ही पोलादी हत्यारे दूर ठेवावीत. सुटलेला कोपरा आकाशाकडे न ओढता जवळजवळ तबलीला समांतर, मागे दुमडून सावकाश ओढावा, आणि ओढ लाकडाच्या उभ्या रेषांच्या दिशेने असावी; आडवी ओढ तंतू उपटते. मध्येच अडले तर पुन्हा थोडी ऊब द्यावी, किंवा मासेमारीची बारीक तंगूस पट्टीखाली घालून करवतीसारखी पुढेमागे करावी. लाकडाचा तंतू उचलला जाताना दिसला की तत्क्षणी थांबावे आणि विरुद्ध टोकाकडून आरंभ करावा. घाई नसेल तर हे काम अर्ध्या तासात होते.

तबलीवर उरलेला चिकटा अंगठ्याने मळून गोळ्या करीत काढावा. तरीही राहिला तर सिगारेट लायटरमध्ये भरतात ते नॅफ्था मऊ कापडाच्या टोकाला किंचित लावून पुसावे. आधी न दिसणाऱ्या जागी ते लावून पाहावे. खिडक्या उघड्या असाव्यात आणि देवघरातील निरांजन शांत झालेले असावे, कारण हे द्रव्य ज्वालाग्राही आहे. थिनर आणि नखांचा रंग काढण्याचे द्रव यांना मज्जाव. ती पॉलिशच विरघळवू शकतात. लाकूड कोठे उघडे पडले असेल तर खोबरेलही लावू नये, कारण मुरलेल्या तेलावर पुढे गोंद व पॉलिश धरत नाही.

पट्टी निघाली की एक गोष्ट दृष्टीस पडते, आणि तिची कल्पना आधी असलेली बरी. स्प्रूसचे लाकूड उजेडाने हळूहळू मधासारखे पिवळसर होते. पट्टीखालचा भाग मात्र सायीसारखा फिका राहिलेला असतो. जुन्या पट्टीची ही आकृती नव्या जागेच्या शेजारी कित्येक वर्षे दिसत राहते. तो भाग लवकर गडद व्हावा म्हणून वाद्य उन्हात ठेवणारे लोक आहेत. त्यांना तबलीची चीर बक्षीस मिळते.

या आकृतीवरूनच जबलपूरच्या एका वाचक भगिनींच्या घरी मतभेद झाला आहे. त्यांच्या दिवंगत धाकट्या दिरांची गिटार आता बारा वर्षांच्या कन्येकडे आली आहे, आणि कन्या डावखुरी आहे. ती म्हणते, तारा उलट क्रमाने लावून ढालपट्टी दुसऱ्या बाजूस बसवून द्या. तिचे वडील म्हणतात, मुलीनेच उजव्या हाताची सवय लावून घ्यावी. आणि आजींना वाटते की वाद्यावर आपल्या मुलाचा हात फिरलेला आहे, त्याला कोणी डाग पाडू नये. तिघांचेही म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे.

वडिलांना आमचे नम्र सांगणे असे की, डावखुरेपणा हा दोष नव्हे आणि तो मोडून काढण्याचीही वस्तू नव्हे. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातील एलिझाबेथ कॉटन या वादिका डावखुऱ्या होत्या. त्यांनी उजव्या हाताची गिटार तारांचा क्रम न बदलता उलटी धरली आणि अंगठ्याने सूर, बोटांनी खर्ज अशी स्वतंत्र शैली निर्माण केली. गिटारला दोन्ही हातांचे कौशल्य लागत असल्याने काही डावखुरी मुले उजव्या पद्धतीनेही आनंदाने शिकतात. म्हणून मुलीला पंधरा दिवस वाद्य दोन्ही बाजूंनी धरून पाहू द्यावे आणि निर्णय तिचा मानावा.

मुलीनेही एक समजून घ्यावे. नुसती पट्टी हलवून गिटार डावखुरी होत नाही. हलक्या तारांच्या नेहमीच्या संचात सर्वांत जाड तार सुमारे १.३५ मिलिमीटरची आणि सर्वांत बारीक सुमारे ०.३० मिलिमीटरची असते. मानेच्या टोकाशी असलेल्या नटच्या खाचा त्याच मापाने कापलेल्या असतात. क्रम उलटला की जाड तार बारीक खाचेत बसत नाही. ब्रिजवरील हाडाची पट्टी किंचित तिरपी असते, ती जाड तारांची लांबी थोडी वाढवण्यासाठी. क्रम उलटला की ती तिरीप उलट्या बाजूस काम करते आणि वरचे सूर बेसूर लागतात. नट नवा करणे सोपे आहे. ब्रिजची खाच बुजवून नवी कापणे मात्र कारागिराचे काम आहे. शिवाय जुनी पट्टी नुसती पलीकडे सरकवून बसत नाही. तिची आरशातील प्रतिमा लागते, म्हणजे नवी पट्टी कापून घ्यावीच लागते.

मग जुनी काढावी तरी कशाला? आजींच्या मनाप्रमाणे ती जेथे आहे तेथेच राहू द्यावी, आणि दुसऱ्या बाजूस पातळ पारदर्शक पट्टी लावावी. तबलीवर डाग पडणार नाही, मुलीच्या नखीपासून लाकूड वाचेल, आणि पुढे कोणाला वाटले तर पारदर्शक पट्टी काढूनही टाकता येईल. नट आणि ब्रिजचे काम मुलीचा हात ठरल्यानंतर करून घ्यावे. काढलेला जुना नट मात्र जपून ठेवावा.

नवी पट्टी कोणतीही असो, बसवण्याची रीत एकच. प्रथम जाड कागदाचा नमुना कापून तबलीवर सहज निघणाऱ्या कागदी टेपने लावावा आणि दोन-चार दिवस वाद्य वाजवावे. नखीचे ओरखडे कागदावर कोठे उमटतात ते पाहून जागा निश्चित करावी. छिद्राभोवतीच्या नक्षीपासून एक-दोन मिलिमीटर अंतर राखावे आणि पट्टी ब्रिजला टेकू देऊ नये. तबली स्वच्छ व कोरडी पुसून घ्यावी. पाठीमागचा कागद एकदम न सोलता एका कडेचा बोटभर भाग सोलावा, ती कड खुणेवर बसवावी, आणि मग उरलेला कागद थोडा थोडा ओढीत मऊ कापडाने मधून बाहेर दाबत जावे, म्हणजे हवेचे फुगे राहत नाहीत. एक अहोरात्र वाद्य तसेच ठेवून नंतर तारा चढवाव्यात.

हे काम मे महिन्याच्या रखरखीत दुपारी किंवा ऐन श्रावणझडीत काढू नये. कार्तिक-मार्गशीर्षातील सौम्य हवेचा एखादा दिवस त्याला उत्तम.

आपल्या घरच्या वाद्यांविषयी काही शंका असल्यास अवश्य लिहाव्यात. पुढील अंकी पेटीच्या भात्याला पडलेली भोके आणि त्यांवरील उपाय यांविषयी.