नंबर शेवटी लावा



धावण्यात जो पहिला येतो त्याला आपण डोक्यावर घेऊन नाचतो. जो मागे राहतो त्याला लगेच म्हणतो, "याचं काही खरं नाही." मला हे पटत नाही. का पटत नाही ते मी जर्मनी देशाच्या निक्लास काउल या खेळाडूवरून सांगते.

काउलचा जन्म १९९८ साली झाला. त्याचे आईवडील दोघेही ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत धावत असत. पुढे त्यांनीच मुलाला खेळ शिकवला. त्याचा खेळ आहे डेकॅथलॉन. डेकॅथलॉन म्हणजे एकाच खेळाडूने दोन दिवसांत खेळायचे दहा खेळ. पहिल्या दिवशी १०० मीटर धावणे, लांब उडी, गोळाफेक, उंच उडी आणि ४०० मीटर धावणे. दुसऱ्या दिवशी अडथळ्यांची शर्यत, थाळीफेक, बांबू उडी, भालाफेक आणि सर्वांत शेवटी १५०० मीटर धावणे. वाचूनच दम लागतो ना? बायकांची अशीच सात खेळांची स्पर्धा असते. तिला हेप्टॅथलॉन म्हणतात.

या खेळातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे गुण देण्याची रीत. कितवा नंबर आला यावर गुण मिळत नाहीत. किती सेकंदांत धावला, किती मीटर फेकले, यावरून तक्त्यात बघून गुण देतात. म्हणजे मागे पडलेल्याचीही मेहनत फुकट जात नाही. शेवटी दहाही खेळांच्या गुणांची बेरीज करतात. ज्याची बेरीज मोठी तो जिंकला.

आता २०१९ सालची गोष्ट ऐका. कतार देशात दोहा येथे जागतिक स्पर्धा होती. काउल तेव्हा २१ वर्षांचा होता. १०० मीटर धावायला त्याला ११.२७ सेकंद लागले. इतर पुष्कळ जण त्याच्या पुढे होते. पहिला दिवस संपला तेव्हा तो अकरावा होता. अकरावा! त्या रात्री कोणी नंबर लावून टाकला असता तर काउलला कोणी ओळखलेही नसते.

पण दुसऱ्या दिवशी त्याने भाला फेकला तो ७९.०५ मीटर. मोठ्या माणसाची साधारण शंभर पावले होतील एवढे ते अंतर आहे. त्या एका फेकीचे त्याला १०२८ गुण मिळाले. मग १५०० मीटर तो ४ मिनिटे १५.७० सेकंदांत धावला आणि पुढच्यांना मागे टाकले. एकूण गुण झाले ८६९१. अकरावा होता तो पहिला आला. डेकॅथलॉनमध्ये इतक्या लहान वयात जगज्जेता त्याच्याआधी कोणीच झाला नव्हता.

कोणी म्हणेल, "त्याचं नशीब चांगलं. विश्वविक्रम करणारा फ्रान्सचा केविन मेयर दुखापतीमुळे मध्येच थांबला ना!" हे खरे आहे. पण दहाही खेळ पुरे करणे हाच तर या स्पर्धेचा नियम आहे. काउललाही तो नियम सुटला नाही. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडी मारताना त्याच्या पायाला इजा झाली आणि त्याला स्पर्धा सोडावी लागली. म्हणून त्याने खेळ सोडला का? नाही. २०२२ साली म्युनिक येथे युरोपच्या स्पर्धेत तो पहिल्या दिवशी सातवा होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा भाला, पुन्हा १५०० मीटर, आणि पुन्हा पहिला! एकदा झाले तर नशीब म्हणा. दोनदा झाले तर ती मेहनत म्हणायला पाहिजे.

आता माझे मत सांगते. आपल्याकडे खेळांच्या दिवशी प्रत्येक खेळाचे बक्षीस वेगळे असते. ते तसेच राहू दे. पहिला आला त्याचे कौतुक झालेच पाहिजे. पण आणखी एक बक्षीस ठेवावे. धावणे, लांब उडी, उंच उडी आणि चेंडूफेक अशा चार खेळांचे गुण मांडावेत आणि बेरीज करावी. गुणांचा तक्ता आम्ही चौथीची मुले तयार करू. गणिताचा अभ्यासही होईल. मग जो धावण्यात मागे पण फेकण्यात पुढे, त्यालाही शेवटपर्यंत थांबावेसे वाटेल. आता काय होते, पहिली शर्यत हरली की मुले झाडाखाली जाऊन बसतात.

पालकांनाही माझी एक विनंती आहे. पहिल्या चाचणीत कमी गुण पडले की "हा काय शिकणार, याला गुरं राखायला लावा" असे म्हणू नका. तो आपला पहिलाच दिवस असतो. आमचा भाला अजून फेकायचा राहिलेला असतो.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी