स्वबळावरचे मेटल

मुंबईचा ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ हा हेवी मेटल बँड साहिल मखिजा यांनी २००० साली सुरू केला. ‘असले संगीत म्हणजे परदेशी कंपन्यांनी पोसलेला गोंगाट’ हे या सदरातील मागील पत्राचे म्हणणे निदान या बँडच्या बाबतीत साफ चुकीचे आहे. त्यांचा पहिला अल्बम ‘डेमनस्टीलर’ त्याच वर्षी आला. असल्या गाण्यांना बाजारात कोणी वाली नव्हता, म्हणून मखिजा यांनी ‘डेमनस्टीलर रेकॉर्ड्स’ ही स्वतःचीच कंपनी काढली. इतर भारतीय मेटल बँडचे अल्बमही तिने काढले. हे काम गाण्यांइतकेच मोलाचे आहे. ‘ए डार्कनेस डिसेन्ड्स’ २००५ मध्ये आला. ‘द रिटर्न टू डार्कनेस’ (२०१०) ब्रिटनच्या कँडललाइट रेकॉर्ड्सने परदेशात नेला, तोवर बँडने दहा वर्षे स्वतःच्या हिमतीवर काढली होती. पुढे २०१४ मध्ये ‘द डेमन किंग’ आला.

राहिला गोंगाटाचा आक्षेप. घशाच्या तळातून काढलेला घोगरा आवाज आणि दोन्ही पायांनी वाजणाऱ्या बास ड्रमचा मारा नवख्या कानाला जड जातो, हे खरे. पण मधेच की-बोर्डचे लांब सूर येतात, मोकळ्या गळ्याने गायलेली ओळ येते आणि पुन्हा मारा सुरू होतो. ही बांधणी विचारपूर्वक केलेली आहे. २०१७ च्या ‘दशावतार’मध्ये मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराचे स्वतंत्र गाणे आहे, बुद्धाचेही. शब्द इंग्रजी असले तरी कथा कीर्तनाला बसणाऱ्या कोणालाही ओळखीच्या आहेत.

— एक वाचक, बेंबळी (जि. धाराशिव)