आधी आजीला विचारा, मग थोरांवर लिहा

जानेवारी आला की आमच्या मोताळा तालुक्यातल्या शाळांत चरित्रांचं पीक येतं. ३ जानेवारीला सावित्रीबाई, १२ जानेवारीला जिजाऊ. अशाच एका जानेवारीत माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलानं निबंधात लिहिलं, ‘जिजाऊंचा जन्म एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला.’ अक्षर मोत्यासारखं होतं. मी लाल शाईनं ‘छान’ लिहिलं आणि पुढची वही ओढली.

लखुजी जाधवांचा राजवाडा आमच्याच बुलडाणा जिल्ह्यात आहे, सिंदखेड राजाला. शाळेच्या सहलीत हा मुलगा तिथे जाऊन आला होता. वाड्याचा तो भलामोठा दरवाजा डोळ्यांनी पाहूनही त्याच्या हातून हे वाक्य उतरलं, कारण आधीच्या दोन निबंधांत त्यानं हेच वाक्य लिहिलं होतं आणि दोन्ही वेळा माझ्याकडून शाबासकी मिळवली होती. साचा आम्हीच दिलेला: जन्म, गरिबी, हुशारी, त्याग, कार्य, मृत्यू आणि शेवटी कोटी कोटी प्रणाम. आता तर हा साचा मोबाइलवर तयारच मिळतो. आईबाप उतरवून देतात, मूल पाठ करतं, आपण प्रमाणपत्र देतो.

माझं म्हणणं सरळ आहे. चरित्रलेखनाच्या नावाखाली आपण प्राथमिक शाळेतल्या मुलांना दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल न विचारता, न तपासता ठासून लिहायला शिकवतो आहोत. हे थांबवलं पाहिजे. मुलानं पहिलं चरित्र अशा माणसाचं लिहावं, ज्याला समोर बसवून प्रश्न विचारता येतात.

‘एवढ्याशा पोरांना काय जमणार?’ असं म्हणणाऱ्यांनी चौथीचं पुस्तक उघडावं. आपल्याकडे कित्येक पिढ्यांनी चौथीला इतिहास म्हणून शिवचरित्र वाचलं आहे. जे मूल वर्षभर एक आयुष्य वाचू शकतं, त्याला दोन पानांत एक आयुष्य लिहिता येईल.

त्या ‘छान’नंतर दुसऱ्या वर्षी मी ते करून पाहिलं. नियम एकच ठेवला: प्रत्येक वाक्याला ‘तुला कसं कळलं?’ याचं उत्तर हवं. पहिल्या आठवड्यात सगळ्या आज्या ‘प्रेमळ व कष्टाळू’ निघाल्या. कसं कळलं, विचारल्यावर वर्ग गप्प. मग पोरं घरी जाऊन विचारू लागली. एका मुलीच्या आजीचं लग्न बहात्तरच्या दुष्काळात झालं होतं. लग्नानंतर ती खडी फोडायला जायची. लग्नात वय किती, ते तिला ठाऊक नव्हतं. मुलीनं आधारकार्ड पाहिलं. १ जानेवारी १९६०. वहीत वजाबाकी करून माझ्याकडे आली. ‘सर, आजी तवा बारा वर्षांची होती. पण ते कार्डावरची तारीख खरी नाही म्हणते. कोणीतरी अंदाजानं टाकली.’ मग काय लिहायचं, असं तिनं विचारलं. दोन्ही लिही, म्हणालो. तिनं दोन्ही लिहिलं, कोणी काय सांगितलं तेही लिहिलं.

हे खूळ कुठल्या परदेशी पुस्तकातून आलेलं नाही. मराठी गद्याची सुरुवातच चरित्रानं झाली. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या त्या विचारून. ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं, त्यांच्याकडे जाऊन. लीळाचरित्राची जुळणी झाली ती आमच्या वऱ्हाडातच, रिद्धपूरला. ज्या भाषेतलं पहिलं चरित्र असं जमवलं गेलं, तिच्या शाळेत चरित्र म्हणजे पाठांतर व्हावं, याची लाज वाटायला हवी.

न विचारण्याची किंमतही आमच्या जिल्ह्यानं मोजली आहे. मोताळ्याहून राजूर घाट चढला की बुलडाणा. तिथल्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ प्रसिद्ध केलं. पुस्तक विस्मृतीत गेलं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा लोकांसमोर आणलं. पुस्तक मिळालं, पण ते लिहिणारी बाई कशी जगली, हे सांगायला बसलं तर काही पानांतच माहिती संपते. ताराबाईंना रोज पाहणारी, त्यांच्या आळीत राहणारी माणसं एके काळी बुलडाण्यात होतीच की. त्यांना वेळेवर कोणी विचारलं असतं तर?

यावर दोन आक्षेप मी नेहमी ऐकतो. पहिला, मुलांना आदर्श हवेत. हवेतच. पण ज्या मुलीनं आजीचं वय तपासलं, तिनंच पुढच्या जानेवारीत मला विचारलं, ‘सावित्रीबाईंना कोणी शिकवलं? पुस्तकात कसं आलं ते?’ असा प्रश्न पडणं, हा सावित्रीबाईंना केलेला खरा नमस्कार आहे.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. विचारायला गेलं की घरातलं दुःख बाहेर येतं: कर्ज, दारू, फास लावून घेतलेला बाप. कापूस पिकवणाऱ्या या भागात हे काल्पनिक नाही. म्हणून माणूस मुलानं निवडावा. घरचाच हवा असं नाही. शेजारची काकू चालेल, एसटीचा कंडक्टर चालेल. लिहून झालं की ते आधी त्याच माणसाला वाचून दाखवावं आणि तो म्हणेल ते खोडावं. मगच वही शाळेत यावी. दुसऱ्याच्या आयुष्यावर लिहिताना त्याची परवानगी लागते, हे दहाव्या वर्षी कळलं तर बिघडलं काय?

स्पर्धा बंद करा, असं मी म्हणत नाही. पण येत्या जानेवारीत वही तपासताना निदान एका वाक्याखाली ‘तुला कसं कळलं?’ एवढं लिहा. त्या मुलाच्या वहीत मी ते लिहायला हवं होतं. मी ‘छान’ लिहिलं.