मालक म्हणू नका

मराठीतले काही शब्द माणसाला उगाचच मोठं करून ठेवतात. 'घरमालक' हा त्यातला पहिल्या नंबरचा. हा शब्द कानावर पडला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक ठरलेलं चित्र उभं राहतं. अंगात बंडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, कपाळावर कायमची आठी आणि पहाटे नळाशी उभा राहून भाडेकरूच्या बादल्या मोजणारा म्हातारा. 1988 साली 'अशी ही बनवाबनवी' आला आणि सुधीर जोशींच्या सरपोतदारानं या चित्रावर शेवटचा हात फिरवला. दोन पिढ्या त्या सरपोतदाराला पोट धरधरून हसल्या. मीही हसलो. पण सरपोतदाराच्या घरावर कर्ज किती होतं, हे त्या दोन पिढ्यांत एकानं तरी विचारलं का हो?

माझं म्हणणं एवढंच की आजच्या पगारदार घरमालकाला मालक म्हणणं बंद करा. बँकेचा वसुली कारकून म्हणा, टाकीवाला काका म्हणा, काहीही म्हणा. कारण मालक म्हटलं की भाडेकरूला वाटतं याच्याकडे बख्खळ आहे, आपले पंधरा दिवस उशिरा गेले तर याचं काय बिघडतंय. शेजाऱ्याला वाटतं याला बसल्या जागी मिळतंय. आणि खुद्द मालकाला वाटतं आपण मालक आहोत, हे तर सगळ्यात वाईट.

'भाडेकरू' या शब्दाकडेही एकदा नीट बघा. भाडे करू! बघू, करू, देऊ. आपल्या पूर्वजांनी हा शब्द भविष्यकाळात घडवला तो काही उगाच नाही. आमच्या मराठवाड्यात भाड्याला किराया म्हणतात. निजामाच्या अमलाखाली 1948 पर्यंत काढल्याची ही एक खूण. पण शब्द बदलला म्हणून काळ बदलत नाही. किरायासुद्धा भविष्यातच मिळतो.

सिडकोनं गेल्या शतकाच्या सत्तरीत या शहरात पाय ठेवला, तेव्हा इथल्या नोकरदाराला प्रथमच वाटलं की आपलंही घर होऊ शकतं. त्या एन-अमुक एन-तमुक सेक्टरांपैकी एकातल्या घरावर मी 2021 साली वरचा मजला चढवला. कर्ज 18 लाख, मुदत 20 वर्षं, व्याज 7 टक्के, हप्ता 13,955 रुपये. बँकेतला टाय लावलेला तरुण म्हणाला, "सर, वरचा मजला स्वतःचा हप्ता स्वतःच भरेल." त्या मजल्यानं अजून तरी बँकेची पायरी चढलेली नाही. दर महिन्याला मीच चढतो. (2023 साली शहराचं नाव औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. माझ्या कर्जाच्या कागदांवर जुनं नाव आहे, बँकेच्या पत्रांवर नवं. कर्ज मात्र तेच.)

त्या वेळी रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 4 टक्के होता. हा रेपो म्हणजे काय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. 2022 च्या मे महिन्यापासून तो चढायला लागला तो 2023 च्या फेब्रुवारीत साडेसहावर जाऊन बसला. माझं व्याज साडेनऊ झालं. हप्ता मात्र बँकेनं वाढवला नाही. केवढं हे सौजन्य! मी हीला म्हटलंसुद्धा, "बघ, माणसं अजून चांगली आहेत." मग एक दिवस हिशेबाचा कागद हातात आला. 13,955 च्या हप्त्यात साडेतेरा हजारांच्या वर व्याज, आणि मुद्दलातून गेले ते साडेतीनशे-चारशे रुपये. या चालीनं कर्ज फिटायला आणखी जवळजवळ चाळीस वर्षं लागली असती. माझ्या वयाच्या माणसाला चाळीस वर्षं देण्याइतका विश्वास आमच्या डॉक्टरांनीही कधी दाखवला नव्हता. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. मला विचारलं. मी हप्ता वाढवून घेतला. 16,650. आणि वरच्या मजल्याचा किराया 11,000. मधले साडेपाच हजार कुठून येतात, असं विचारू नका. हिच्या कपाटातल्या डब्यातून येतात.

आता माझे बिऱ्हाडकरू. पहिलं कुटुंब फार गोड. कडेवर मूल, तोंडात सारखं "काका, काका". दोन महिने किराया पाच तारखेला आला. तिसऱ्या महिन्यापासून पाच तारखेला मोबाइलवर गुलाबाचं फूल यायला लागलं, खाली 'सुप्रभात'. सहा तारखेला गणपती, सात तारखेला सुविचार. सुविचार समाधानी वृत्तीवर होता. सतत मागायला जाणं आपल्याला जमत नाही, आणि ते आपल्याला जमत नाही हे समोरच्याला पहिल्या भेटीतच कळतं, ही मध्यमवर्गाची खरी अडचण. मी वर जायचो तो "नळ गळतोय का बघायला आलो होतो" असं म्हणून. गळत नसलेला नळ मी त्या वर्षात नऊ वेळा बघितला. चौदा महिन्यांनी ते गेले तेव्हा पाच महिन्यांचा किराया थकला होता आणि डिपॉझिट होतं तीस हजार. वर गल्लीत सांगून गेले की काका तसे बरे आहेत, पण पैशाला फार चिकट.

मग आली स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी तीन पोरं. गल्लीनं मला वेड्यात काढलं. "बॅचलर ठेवताय? मुली आहेत गल्लीत!" ही पोरं एक तारखेला सकाळी सात वाजता पैसे पाठवायची, रात्री बारापर्यंत अभ्यास करायची आणि टाकी भरली की स्वतः मोटर बंद करायची. दीड वर्षात आवाज ऐकू आला तो फक्त एकदा, निकालाच्या दिवशी. म्हणूनच घर देताना आडनाव विचारून गप्प होणारे, ताटात काय वाढता ते विचारणारे आणि 'फक्त फॅमिली' अशी पाटी लावणारे माझे जे व्यवसायबंधू आहेत, त्यांच्याबद्दल मला जराही सहानुभूती नाही. किराया बुडवायला जात लागत नाही की मटण लागत नाही.

आता वर आहेत ते साहेब. वाळूजला मोठ्या कंपनीत. दारात बारा लाखांची गाडी उभी. किराया मात्र हप्त्याहप्त्यानं, चार हजार आत्ता, तीन हजार पुढल्या आठवड्यात. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "काका, गाडीचा हप्ता आधी जातो ना!" आणि त्यांचं बरोबरच आहे. गाडीचा हप्ता चुकला तर फायनान्सवाले गाडी उचलून नेतात. किराया चुकला तर काका काय नेणार? त्यांच्या गाडीला जी ताकद आहे ती माझ्या घराला नाही, या एका गोष्टीवर हे सगळं दुकान चाललंय.

"मग कायदा आहे की," असं पानाच्या ठेल्यावरचे वकील म्हणतात. आहे. माझ्याकडे नोंदणी केलेला करार आहे, दर वेळी केला, दर वेळी पैसे भरले. अकरा महिन्यांचं गूढ अनेकांना असं वाटतं की अकरा महिन्यांचा कागद केला म्हणजे नोंदणी नको. तो 1908 च्या नोंदणी कायद्याचा जुना हिशेब. पूर्वी मराठवाड्याला हैदराबाद राज्यातून आलेला 1954 चा वेगळा भाडेकायदा होता, मुंबईला 1947 चा वेगळा. ते सगळे गुंडाळून 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999' आला, 31 मार्च 2000 पासून लागू झाला, आणि त्याचं 55 वं कलम म्हणतं की करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो नाहीतर अकरा दिवसांचा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. करार दोघांचा, तुरुंग एकट्याचा!

24 वं कलम त्याहून बहारदार. मुदत संपून भाडेकरू हलला नाही, तर त्यानं दुप्पट दरानं भरपाई द्यायची. म्हणजे जो गृहस्थ 11,000 देत नाही, तो आता 22,000 देणार. हे कलम ज्यानं लिहिलं, त्यानं आयुष्यात एक खोली तरी किरायानं दिली असेल का? ही भरपाई मिळवायला अर्ज, अर्जावर तारीख, तारखेवर तारीख. आणि बँकेचा हप्ता कुठल्याच तारखेला पुढची तारीख घेत नाही.

इथे शेजारचे अनुभवी लोक कानाशी लागतात. "लाइट कापा. पाणी बंद करा. दोन दिवसांत जातात की नाही बघा." हे त्याच कायद्याच्या 29 व्या कलमानं गुन्हा आहे, आणि असायलाच हवा. लेकराबाळांच्या घराचं पाणी तोडून वसुली करणाऱ्याला सरपोतदार म्हणणं हा सरपोतदाराचा अपमान आहे. शिवाय आमच्या गावात पाणी बंद करायला मालक कशाला हवा? पैठणचा नाथसागर इथून पन्नासेक किलोमीटरवर भरलेला असतो आणि आमच्या टाकीनं आठ-आठ दिवस नळाचं तोंड पाहिलेलं नसतं. मलिक अंबरनं सतराव्या शतकात जमिनीखालून नहरी काढून या गावाला पाणी पाजलं, त्यालाही बिचाऱ्याला वरच्या मजल्यावरून "काका, पाणी नाही" असं कुणी ओरडून सांगितलं असेल का कोण जाणे. आमच्याकडे टँकर येतो. करारात पाणी 'मालकाकडे' लिहिलंय. परत तोच शब्द!

एक गैरसमज मात्र मालकांनीही सोडावा. "बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं" म्हणून घरं कुलूप लावून ओस ठेवणारे शहाणे मी पाहिलेत. परवानगीनं, करारानं राहणाऱ्याला ती बारा वर्षं लागू पडत नाहीत. घर ओस ठेवून वाळवीला फुकट देण्यापेक्षा माझे साहेब बरे.

करांचं सांगतो आणि आवरतो. नव्या करपद्धतीत किरायाच्या घराचा तोटा पगारातून वजा होत नाही. किराया वर्षाला 1,32,000, व्याज त्याहून जास्त. म्हणजे तोटा माझा, आणि तो वजा न करता जपून ठेवायचा, तोही मीच. 2020 च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत राज्य सरकारनं मालकांना सांगितलं होतं की किराया निदान तीन महिने पुढे ढकला, कुणाला बाहेर काढू नका. योग्यच होतं, माणसांनी जायचं कुठे? त्याच सुमारास बँकांनीही हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली, पण व्याज चालू ठेवून. गारखेड्याच्या माझ्या मेहुण्यानं दोन्ही केलं. किराया ढकलला बिनव्याजी, हप्ता ढकलला सव्याज. 'मालक' या शब्दाचा अर्थ त्याला विचारा.

2025 च्या फेब्रुवारीपासून रेपो उतरायला लागला आणि जूनमध्ये साडेपाचवर आला. वर्तमानपत्रांत मोठे मथळे. त्याच संध्याकाळी साहेब गाडी धुता धुता म्हणाले, "काका, रेपो उतरला म्हणतात. मग किराया कधी उतरवताय?"

मी म्हटलं, "करू."