क्लब कोणाचा?



फुटबॉलचा सामना पाहताना तुम्ही 'आपला संघ जिंकला' असे म्हणता. पण तो संघ खरोखर कोणाचा असतो? कागदपत्रांवर ज्याचे नाव आहे त्याचा, की ऊन-पावसात सामन्याला येणाऱ्या लोकांचा?

इंग्लंडमधील अनेक जुने क्लब कामगारांनी किंवा चर्चच्या मंडळींनी सुरू केले. १८७८ मध्ये न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांनी एक संघ काढला. तोच १९०२ मध्ये मँचेस्टर युनायटेड झाला. पुढे खर्च वाढला, क्लबांच्या कंपन्या झाल्या आणि ज्याचे शेअर जास्त तो मालक ठरू लागला. २००५ मध्ये अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने हा क्लब विकत घेतला. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा मोठा बोजा क्लबवरच पडला.

लंडनच्या विम्बल्डन क्लबची हकिकत तर अधिक बोलकी आहे. २००२ मध्ये मालकांना हा क्लब मिल्टन कीन्स या दूरच्या शहरी नेण्याची परवानगी मिळाली. समर्थक दुःखी झाले. पण रडत बसले नाहीत. त्यांनी त्याच वर्षी एएफसी विम्बल्डन हा नवा क्लब काढला. प्रत्येक सभासदाला एक मत, मग तो श्रीमंत असो वा गरीब! अगदी खालच्या श्रेणीतून सुरुवात करून २०११ मध्ये हा संघ फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. २०२० मध्ये जुन्या मैदानाजवळ त्याचे स्वतःचे नवे मैदान उभे राहिले.

जर्मनीने वेगळा मार्ग निवडला. १९९८ मध्ये तेथे क्लबांना कंपनी काढण्याची मुभा मिळाली. परंतु निम्म्याहून अधिक मते सभासदांकडेच राहावीत, असा नियम केला गेला. त्याला थोडे अपवाद आहेत, एवढेच.

काही जण म्हणतात, "श्रीमंत मालकाशिवाय मोठे खेळाडू कसे येतील?" हे म्हणणे अगदी खोटे नाही. पैसा हवाच. पण मालक आज आहे, उद्या नाही. समर्थक मात्र वडिलांकडून मुलाकडे आपला क्लब सोपवतात. म्हणून मला जर्मनीचा नियम योग्य वाटतो. पैसा कोणाचाही असो, शेवटचा शब्द सभासदांचा असावा.

तुम्ही ज्याला अमानत म्हणता, तिला मराठीत ठेव म्हणतात. क्लब ही अशीच एक ठेव आहे. ठेव सांभाळायची असते, ती परस्पर विकायची नसते. तुम्हांला काय वाटते?