गोंदण दिसतंय का?

कॉलेजमध्ये सध्या ‘डिजिकॅम’चं भारी फॅड आहे. बाबांच्या कपाटात पडून असलेला छोटा डिजिटल कॅमेरा बाहेर निघतो, चार्जरची शोधाशोध होते आणि मग ठरलेला प्रश्न येतो, ‘कितीचा आहे रे? १० की १६?’ म्हणजे मेगापिक्सेल. माझं म्हणणं आहे की हा प्रश्नच चुकीचा आहे.

हिशेब साधा आहे. ए-फोर आकाराची चांगली प्रिंट काढायला नऊ मेगापिक्सेलसुद्धा लागत नाहीत. मग फोटोत फरक कशानं पडतो? मी दोन कॅमेरे घेऊन बघितलं. एक काकांचा, १६ मेगापिक्सेलचा, नेहमीच्या लहान सेन्सरचा. दुसरा मैत्रिणीचा कॅनन एस-९५, २०१० सालचा, फक्त १० मेगापिक्सेलचा.

आधी डहाणूच्या किनाऱ्यावर गेलो. भर दुपार, समोर समुद्र, मागे सुरूची झाडं. फोटो लॅपटॉपवर शेजारी शेजारी लावले, तर कुठला कुणाचा ते ओळखता येईना. उन्हात सगळेच कॅमेरे हुशार असतात!

संध्याकाळी तलासरीला आमच्या पाड्यावर आले. ओटीवर एकच पिवळा बल्ब होता. आजीला म्हटलं, ‘हात पुढे कर.’ तिच्या हातावर जुनं हिरवट गोंदण आहे. फ्लॅश बंद ठेवून दोन्ही कॅमेऱ्यांनी फोटो काढले. काकांच्या कॅमेऱ्यात हात दिसला, पण मोठा करून पाहिल्यावर गोंदण पुसट डाग झालं होतं. सुरकुत्याही गुळगुळीत. एस-९५ मध्ये मात्र ठिपका न् ठिपका मोजता येत होता.

कारण मेगापिक्सेल नाही, उजेड. एस-९५चा सेन्सर साधारण दीडपट मोठा आणि पिक्सेल कमी, त्यामुळे प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला दुपटीहून जास्त जागा येते. शिवाय लेन्स एफ-२ची, म्हणजे उजेड जास्त आत घेणारी. लहान सेन्सरला उजेड पुरत नाही, मग कॅमेरा आयएसओ वाढवतो, फोटोत कण येतात आणि ते कण पुसताना बारीक रेघाही पुसल्या जातात.

मोबाइलचं काय, असं विचाराल. माझ्या फोनवर ब्युटी मोड चालू राहिला होता. त्यातला स्वतःचा चेहरा बघून आजी हसली, ‘ही कोण गं?’

पार्टीत जुन्या कॅमेऱ्याचा तो फ्लॅशवाला ‘व्हाइब’ मलाही आवडतो. त्यासाठी कुठलाही कॅमेरा चालेल. पण घरातलं माणूस टिपायचं असेल, तर नीट पारखूनच घ्या. आमच्या घरात गोंदण आजीपाशीच थांबलंय. आईच्या हातावर नाही, माझ्याही नाही. फोटोतून ते पुसलं गेलं, तर पुन्हा कुठून आणणार?

म्हणून सेकंडहँड कॅमेरा घ्यायला जाताना स्वतःचं मेमरी कार्ड न्या. कमी उजेडात, फ्लॅश बंद करून कुणाच्या तरी हाताचा फोटो काढा. तोच फोटो दुसऱ्या कॅमेऱ्यानंही काढा आणि घरी मोठ्या स्क्रीनवर सारख्याच आकारात बघा. मगच पैसे द्या.

आजीच्या हाताचा फोटो मी ए-फोरवर प्रिंट करून भिंतीला लावलाय. १० मेगापिक्सेल आरामात पुरले.